खरी शुद्धी कोणती? पाणी, कोळसा आणि नीराकाठचा हिशेब



२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. तळे बाटले म्हणून त्यांनी १०८ घागरींचा विधी केला, मंत्र म्हटले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही त्या तळ्यात ओतले. याला त्यांनी 'शुद्धी' असे नाव दिले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या दिवशी काय घडले? माणसाने ओंजळभर पाणी प्याल्याने तळ्यात काहीच मिसळले नव्हते. शेण आणि दूध ओतल्याने मात्र मिसळले. जंतूंना खाद्य मिळाले आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च झाला. म्हणजे जी शुद्धी म्हणून केली, तीच खरी अशुद्धी होती.

मग खरी शुद्धी कोणती? पाण्यात एकदा मिसळलेली घाण पाण्याबाहेर कशी निघते? ती काढायला किती कष्ट पडतात आणि ते कष्ट कोणाच्या वाट्याला येतात? या प्रश्नांची उत्तरे पोथीत सापडत नाहीत. ती 'ऊष्मागतिकी' नावाच्या शास्त्रात सापडतात. नाव जड असले तरी शास्त्र आपल्या चुलीशी, माठाशी आणि नदीशी निगडित आहे. म्हणून आज ते समजून घेऊ, आणि आपल्या अकलूजच्या पाण्याला लावून पाहू.

नीरेचे पाणी आणि साखरेचा पट्टा

नीरा नदी भोर तालुक्यात सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. फलटण, बारामती, माळशिरस, इंदापूर या तालुक्यांच्या कडेने वाहत ती अकलूजला येते आणि पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. तीच भीमा खाली पंढरपूरला जाते. म्हणजे वरच्या गावाने नदीत जे सोडले, ते खालच्या गावाच्या घशाखाली उतरते.

कालव्याचे पाणी आले आणि हा मुलूख उसाचा झाला. माळीनगरचा सासवड माळी कारखाना आणि श्रीपूरचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट हे १९३० नंतरच्या दशकातले, तर अकलूजचा सहकारी कारखाना स्वातंत्र्यानंतरचा. त्यानंतर नीरा आणि भीमेच्या खोऱ्यात कारखान्यांची रांगच लागली. उसाने अनेकांच्या घरात पैसा आणला. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र ऊसतोड, हमाली, बॉयलरवरची पाळी, नाहीतर दुसऱ्याच्या फडातली मजुरी आली.

साखरेबरोबर मळी निघते. मळीपासून आसवनीत मद्यार्क बनतो. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर काळपट तपकिरी सांडपाणी उरते. त्याला 'स्पेंट वॉश' म्हणतात. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जंतूंना किती प्राणवायू लागतो, याच्या मापाला 'बीओडी' म्हणतात. अंघोळीलायक नदीच्या पाण्यात हा आकडा दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, असे मानक आहे. कच्च्या स्पेंट वॉशचा आकडा ४०,००० च्या घरात असतो. असे पाणी नदीत शिरले की मासे तडफडून वर येतात ते यामुळेच. त्यांच्या श्वासाचा प्राणवायूच संपतो.

कायद्याने असे पाणी नदीत सोडता येत नाही. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले आणि १९७४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, त्यांतील सर्वाधिक म्हणजे ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात निघाले. यात दोष केवळ कारखान्यांचा नाही. शहरांचे मैलापाणी हा तर सर्वात मोठा वाटा आहे.

गव्हात सांडलेली मोहरी

आता शास्त्राकडे वळू. घरात गव्हाची परात भरलेली आहे आणि पोराने त्यात वाटीभर मोहरी ओतली. परात हलवली की एका मिनिटात मोहरी सगळीकडे पसरली. आता कितीही हलवा, मोहरी परत एका कोपऱ्यात गोळा होणार नाही. ती वेगळी करायला आईला अख्खी दुपार चाळणी घेऊन बसावे लागते. सांडणे सोपे आणि वेचणे कठीण, हा अनुभव प्रत्येक घरातला आहे. पण असे का, हे शास्त्राने शोधले.

मोहरी एका कोपऱ्यात गोळा राहण्याचे मार्ग थोडेच असतात. ती परातभर विखुरली जाण्याचे मार्ग मात्र अगणित असतात. म्हणून हलवले की विखुरणेच होते. या विखुरलेपणाच्या मापाला जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस याने १८६५ साली 'एन्ट्रॉपी' हे नाव दिले. बाहेरून कोणाची मदत नसेल तर एकूण एन्ट्रॉपी आपोआप कमी होत नाही, हा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम. त्याला आजवर अपवाद सापडलेला नाही. जात, पैसा, पद पाहून तो कोणाला सूटही देत नाही.

बादलीत शाईचा थेंब टाका. थोड्या वेळात सारे पाणी निळे होते. त्या थेंबाचे रेणू पुन्हा एका जागी आणायचे तर ऊर्जा खर्च करावी लागते. किती? शास्त्राने हे मोजले आहे. रेणू फार बारीक म्हणून ते 'मोल' या ठोक मापाने मोजतात, जशी आपण केळी डझनाने मोजतो. एक मोल पदार्थ पाण्यात दहापट पातळ झाला, तर त्याला पूर्वीच्या दाटपणावर आणायला २५ अंश तापमानाला कमीत कमी ५.७ किलोज्यूल ऊर्जा लागते. शंभरपट पातळ झाला तर दुप्पट, म्हणजे ११.४ किलोज्यूल. हजारपट झाला तर तिप्पट, म्हणजे सुमारे १७ किलोज्यूल. प्रत्येक दहापटीला निसर्ग तेवढेच नवे कर्ज चढवतो.

हा आकडा छोटा वाटेल, पण तो निसर्गाने लावलेला किमान दर आहे. प्रत्यक्षात खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. याचे मुख्य कारण म्हणजे घाण हजारपट पातळ झाली की हजारपट पाणी उपसावे, हलवावे आणि गाळावे लागते. टाक्या मोठ्या, पंप मोठे, वीज जास्त, माणसे जास्त.

यातून सरळ निष्कर्ष निघतो. घाण जिथे निर्माण होते तिथेच, ती दाट असतानाच, तिला अडवावे. कारखान्याच्या फाटकाच्या आत ती स्वस्तात सापडते. नदीत गेली की हजार घरांना हजार फिल्टर विकत घ्यावे लागतात. फाटकाच्या आत वाचलेला एक रुपया खालच्या वस्तीच्या खिशातून कित्येक रुपये होऊन निघतो.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

मिसळलेली घाण वेचणारी एक जुनी वस्तू आपल्या घरात आहे. ती म्हणजे लाकडाचा कोळसा, आपला लोणारी कोळसा. खडी, वाळू आणि कोळसा भरलेले एकावर एक माठ शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाहिले आहेत. खडी आणि वाळू गाळ अडवतात, ते चाळणीचे काम झाले. कोळशाचे काम निराळे आहे. पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, वास आणि काही विषारी द्रव्ये त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. या चिकटण्याला 'अधिशोषण' म्हणतात. कापड पाणी पिते तसे हे आत मुरणे नव्हे. भिंतीला धूळ बसावी तसे हे पृष्ठभागावर बसणे आहे.

१७७३ साली शेले या शास्त्रज्ञाला दिसले की कोळसा वायू धरून ठेवतो. १७८५ साली रशियात लोविट्झ याने कोळशाने द्रवाचा रंग उतरवून दाखवला. १९०० च्या सुमारास कोळशाला वाफेत वा रसायनात तापवून 'सक्रिय' करण्याची रीत निघाली. अशा कोळशात डोळ्यांना न दिसणारी लक्षावधी छिद्रे असतात. त्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅम सक्रिय कोळशाचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सांगायचे तर दहा गुंठे. चार ग्रॅम कोळसा म्हणजे एक एकर रान. ज्यांच्या नावावर सात-बारा नाही त्यांच्याही मुठीत मावणारे हे रान आहे.

रेणू बसतो का, आणि उठतो का?

येथे एक शंका आली पाहिजे. प्रत्येक गोष्ट विखुरण्याकडे जाते असे आपण म्हटले. मग पाण्यात मोकळा फिरणारा रंगाचा रेणू आपणहून कोळशाला चिकटून एका जागी का बसतो? हे दुसऱ्या नियमाविरुद्ध नाही काय?

नाही. निसर्ग एकाच वेळी दोन हिशेब मांडतो. एक उष्णतेचा, दुसरा विखुरलेपणाचा. रेणू कोळशाला चिकटतो तेव्हा दोघांच्या ओढीमुळे थोडी उष्णता बाहेर पडते. साध्या चिकटण्यात ती मोलामागे साधारण २० ते ४० किलोज्यूल असते. ती भोवतालच्या पाण्यात पसरते आणि तेथील विखुरलेपणा वाढवते. रेणूने गमावलेल्या मोकळीकीपेक्षा भोवतालची वाढ जास्त असली, की एकूण हिशेब जमेचा होतो आणि रेणू चिकटतो. शास्त्रात हे असे मांडतात: मुक्त ऊर्जेतला फरक म्हणजे उष्णतेतल्या फरकातून तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला फरक वजा करणे. उत्तर ऋण आले तर क्रिया आपोआप घडते, धन आले तर घडत नाही.

आणखी एक गंमत आहे. कोळसा पाण्यात असतो तेव्हा त्याच्या भिंती रिकाम्या नसतात. तेथे पाण्याचेच रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. अकलूजच्या स्टँडवर एसटीच्या बाकावर पाच पोरे बसली आहेत असे समजा. गाठोडे घेऊन एक जाडजूड पाहुणा आला. पोरे उठली आणि पाहुणा बसला. पाहुण्याची मोकळीक गेली, पण पाच पोरे स्टँडभर धावायला मोकळी झाली. एकूण धावपळ कमी झाली की वाढली? वाढली. रंगाचा एक मोठा रेणू बसताना पाण्याचे अनेक छोटे रेणू असेच मोकळे होतात. म्हणून काही प्रयोगांत अधिशोषण होताना एकूण एन्ट्रॉपी वाढलेली आढळते आणि अशा काही बाबतींत क्रिया उष्णता सोडण्याऐवजी उष्णता शोषून घेते. वरवर पाहता जे नियमाविरुद्ध वाटते, ते सगळे हिशेबात धरले की नियमातच बसते. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव आपण मानतो तो अशाच विचारासाठी. कारण सापडेपर्यंत शोधायचे, चमत्कार म्हणून हात जोडायचे नाहीत.

मे महिन्यातला कोळसा

हे गणित केवळ परीक्षेसाठी नाही. ज्या अधिशोषणात उष्णता सुटते, ते तापमान वाढले की ढिले पडते. चिकटताना मोलामागे ३० किलोज्यूल उष्णता सोडणारे एखादे द्रव्य घ्या. थंडीतल्या २० अंशांच्या पाण्यात कोळशाची त्यावर जी पकड असेल, ती आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या पाण्यात हिशेबाने सुमारे ४० टक्क्यांवर येते. म्हणून पाण्याचा फिल्टर पत्र्याच्या छपराखाली, तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. सावलीत, मातीच्या माठाशेजारी ठेवावा.

दुसरी गोष्ट, बाक भरतो. दहा गुंठ्यांचे रान कितीही मोठे असले तरी एक दिवस तेथे जागा उरत नाही. पृष्ठभागावर मोजक्याच जागा असतात असे धरून अमेरिकेच्या लँगम्यूर या शास्त्रज्ञाने १९१६ ते १९१८ या काळात भरण्याचे गणित मांडले. पृष्ठभागाच्या रसायनावरील कामाबद्दल त्याला १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भरलेला कोळसा नवी घाण धरत नाही. उलट स्वच्छ पाणी आले तर धरलेली घाण थोडीथोडी परत सोडू लागतो, कारण चिकटणे आणि सुटणे दोन्ही सतत चालू असते. त्यात जंतूही घर करतात. म्हणून 'फिल्टर बसवला, आता दहा वर्षे बघायला नको' हा समज धोक्याचा आहे.

हाडांचा कोळसा आणि पवित्र साखर

कोळशाच्या इतिहासात आपल्या समाजाचा एक धागा आहे, तो सांगितलाच पाहिजे. युरोपात एकोणिसाव्या शतकात साखर पांढरी करायला जनावरांची हाडे जाळून केलेला कोळसा वापरू लागले. उसाचा तपकिरी पाक त्यातून गाळला की रंग कोळशाला चिकटे आणि पाक स्वच्छ निघे. काही देशांत ही रीत आजही आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत मात्र चुना आणि गंधकाचा धूर वापरून रस निवळतात.

त्या काळी हिंदुस्थानातून हाडे जहाजाने परदेशी जात. गावोगाव मेलेली ढोरे ओढण्याचे, हाडे-कातडी वेगळी करण्याचे काम कोणाच्या माथी मारलेले होते, हे सांगायला नको. हाडाला हात लावणारा माणूस अस्पृश्य, आणि हाडाच्या कोळशाने स्वच्छ झालेली साखर देवाच्या नैवेद्यालाही चाले. बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत मृत मांस सोडा, ही लाचारीची कामे सोडा असे सांगितले, त्यामागे स्वाभिमान होता. पण निसर्गाला त्या सोवळ्या-ओवळ्याची खबरही नव्हती. कार्बनचा पृष्ठभाग हाडाचा असो, बाभळीचा असो की नारळाच्या करवंटीचा, तो आपले काम करतो.

काजळीतले धन

शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन चिपाड, म्हणजे बगॅस, उरते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. धुराबरोबर काळी राख उडते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ती बसली की कारखान्याशेजारच्या वस्तीतली प्रत्येक बाई वैतागते. त्या राखेत न जळालेला कार्बन असतो, आणि तो अधिशोषण करतो.

रुरकीच्या आयआयटीत इंद्र देव मॉल, विमल चंद्र श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास बगॅसच्या राखेवर प्रयोग केले. मॅलाकाइट ग्रीन, मिथिल व्हायोलेट, ऑरेंज-जी यांसारखे कापडाचे रंग आणि फिनॉल हे विषारी द्रव्य ही राख पाण्यातून ओढून घेते, असे त्यांना दिसले. राख सक्रिय कोळशाइतकी कसदार नाही, पण ती जवळजवळ फुकट आहे. सोलापूर शहरात चादरी-टॉवेलांचे सूत रंगवले जाते आणि जिल्ह्यात साखर कारखान्यांची राख ढिगाने निघते. एकाची राख दुसऱ्याच्या रंगाचे पाणी निवळू शकते, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सुचते. अकलूजच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी प्रकल्पासाठी हा विषय जरूर घ्यावा.

पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून गरिबांसाठी 'सुजल' नावाचे गाळणे केले होते. त्याच राखेत चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून २००९ साली 'स्वच्छ' हा विजेशिवाय चालणारा फिल्टर बाजारात आला. टाकाऊ राखेतून प्यायचे पाणी, हे आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे.

मात्र आसवनीचे कच्चे काळे पाणी एवढ्याने निवळेल असे समजू नये. ते इतके दाट असते की कोळशाचे बाक क्षणात भरतील. त्यासाठी आधी जंतूंकडून गॅस काढणे, आटवून जाळणे किंवा खत करणे हेच मार्ग आहेत. अधिशोषण हे शेवटच्या हाताचे, उरलासुरला रंग-वास काढण्याचे साधन आहे.

घाण नाहीशी होत नाही, जागा बदलते

या विषयातला सर्वात मोठा धडा येथे आहे. कोळसा घाण नष्ट करत नाही, गोळा करतो. पाण्यातली व्यवस्था वाढली ती कोळशावर भार टाकून. भरलेला कोळसा पुन्हा वापरायचा तर ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. म्हणजे इंधन जाळा, धूर करा. तो तसाच उकिरड्यावर फेकला तर घाण पावसाबरोबर पुन्हा विहिरीत उतरते. आरओ यंत्राचेही तेच. एका नळीतून गोड पाणी येते, दुसऱ्या नळीतून खारट पाणी गटारात जाते. एका जागी व्यवस्था निर्माण केली की तिची किंमत दुसऱ्या जागी मोजावी लागते. निसर्गाचा नियम इतकेच सांगतो.

ती किंमत कोणत्या जागी आणि कोणाकडून वसूल करायची, हे मात्र निसर्ग ठरवत नाही, माणूस ठरवतो. आपल्या देशात ते जातीने ठरवले. गाव स्वच्छ आणि पवित्र राहावे म्हणून गावाची सारी घाण गावकुसाबाहेर ढकलली आणि ती उपसायला काही जाती जन्माने नेमून दिल्या. आजही गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून गुदमरणारा माणूस बहुधा दलितच असतो. हाताने मैला उपसण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, पण तो वस्तीपर्यंत पोहोचवण्याचे काम आपले आहे.

म्हणून 'पाणी शुद्ध झाले का?' एवढे विचारून थांबू नका. 'निघालेली घाण कुठे गेली आणि ती कोणी उचलली?' हाही प्रश्न विचारा.

घरासाठी काही सूचना

१. कोळशाचा फिल्टर रंग, वास, क्लोरीन आणि काही कीटकनाशके कमी करतो. तो जंतू मारत नाही. म्हणून पाणी उकळावे किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर सांगितलेल्या प्रमाणात टाकावे. आधी कोळसा, मग क्लोरीन, हा क्रम ठेवावा. उलट केले तर कोळसा क्लोरीनच खाऊन टाकतो.

२. मीठ, पाण्याचा जडपणा, फ्लोराइड आणि नायट्रेट यांवर साध्या कोळशाचा फारसा इलाज चालत नाही. उसाला भरपूर युरिया दिला जातो अशा भागातील विहिरीत नायट्रेट वाढू शकते. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होते. तान्ह्या बाळाला ते विशेष घातक असते. अशा विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

३. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासता येते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर तपासणी संच देण्याची आणि महिलांना त्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या महिला मंडळाने तो संच मागून घ्यावा.

४. फिल्टरमधला कोळसा बदलल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. जुना कोळसा विहिरीजवळ, ओढ्यात टाकू नये.

५. हंगामात उसाच्या फडाकडेला कोप्या टाकून राहणारे तोडणी कामगार चारीचे, कालव्याचे मिळेल ते पाणी पितात. त्यांच्या पोरांपर्यंत मेडिक्लोरची एक बाटली पोहोचवणे, हेही धम्मकार्यच आहे.

मुलांनो, करून पाहा

दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत पाणी भरून शाईचे दोन-दोन थेंब टाका. एका पेल्यात धुतलेल्या लोणारी कोळशाची दोन चमचे बारीक पूड टाकून ढवळा. दोन तास ठेवा आणि दुहेरी जाड फडक्यातून गाळा. कोळशाच्या पेल्यातले पाणी फिके झालेले दिसेल. दगडी कोळसा अजिबात घेऊ नका आणि हे पाणी पिऊ नका.

आता हाच प्रयोग अख्खा कोळशाचा खडा टाकून करा. रंग तितका उतरणार नाही. का? पूड केल्याने आतले रान लवकर उघडे पडते. तिसऱ्या वेळी तीच वापरलेली पूड पुन्हा नव्या निळ्या पाण्यात टाका. ती पूर्वीइतके काम करणार नाही, कारण बाकावरच्या बऱ्याच जागा भरल्या आहेत. वहीत तिन्ही वेळचे निरीक्षण लिहा आणि रविवारी विहारात बालसंस्कार वर्गात सर्वांना दाखवा.

भिक्खूचे गाळणे

भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा यांच्याबरोबर पाणी गाळायचे फडके असते. पालीत त्याला 'परिस्सावन' म्हणतात. पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून पाणी गाळून प्यायचा नियम तथागतांनी घालून दिला. मंत्र म्हणून पाणी पवित्र करा, असे त्यांनी सांगितले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून जो तंटा झाला, त्यालाच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले आहे. पाणी कसे वाटायचे आणि कसे राखायचे, हा आपल्या धम्माच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९२७ साली पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मागितला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने लागला. आज नळ दारात आले, पण त्यातून काय येते हे पाहण्याचे काम राहिले आहे. अकलूजला २०२१ पासून नगरपरिषद आहे, खेड्यात ग्रामसभा आहे, आणि माहितीचा अधिकार २००५ पासून प्रत्येकाच्या हातात आहे. पाणी तपासणीचे अहवाल मागा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र रोज चालते की फक्त तपासणीच्या दिवशी, हे विचारा. नदीत काळे पाणी दिसले तर तारीख, वेळ आणि जागा लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

हजारपट पातळ झालेली घाण वेचण्याची पाळी आपल्या माठावर येऊ द्यायची नसेल, तर ती फाटकाच्या आतच अडवायला लावली पाहिजे. निसर्गाचा हिशेब आपल्या बाजूने आहे. तो शिकून घ्या, पोरींना शिकवा आणि सभेत उभे राहून मांडा.

जयभीम! नमो बुद्धाय!